चौदा नंबरचे गंधर्व

नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची शेड होती. १९८८ च्या दसऱ्यानंतर त्या शेडमध्ये स्वर्ग उतरू लागला. दर रविवारी, सकाळी दहा ते बारा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीनेकशे माणसं दाटीवाटीने बसली होती. मुलुंड, भांडुप, पार माहुलहूनही आलेली. पोस्टातले कारकून, शाळेतल्या बाई, कारखान्यातले कामगार, सगळे. चपला दाराबाहेर काढून आत यायचे. चपलांबरोबर आणखीही काहीतरी काढून ठेवायचे, पण जाताना ते घ्यायचं मात्र विसरायचे.

समोर भगवा मखमली पडदा. पडद्यापुढे श्री अनाहतनाथ महाराज. चाळिशीचा, तुकतुकीत, दाढीला तेल लावलेला माणूस. त्याच्या शेजारी एक मोठा लाकडी चौरंग.

"अनाहत म्हणजे काय?" महाराज डोळे मिटून सुरू झाला. "जो नाद कुणी वाजवला नाही, तरी वाजतो तो! माझ्या हाताला वाद्य नाही, ओठाला बासरी नाही. मी फक्त नळ आहे, बाळांनो. पाणी वरून येतं!"

बायकांनी हात जोडले. मला आमच्या चाळीचा नळ आठवला. त्यालाही असंच बोलता आलं असतं तर महापालिकेचं काम हलकं झालं असतं.

"ऐका! कैलासावरचा शंख!"

पडद्याआडून खरोखरच एक लांबलचक, घोगरा नाद आला. शेड थरारली. मग कैलासाची घंटा. मग सरस्वतीची वीणा. मग महाराजाने दोन्ही हात वर केले. "आणि हे गंधर्व!"

शेकडो कंठ एकदम 'आऽऽऽ' करून गाऊ लागले. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ रडायलाच लागले. शेवटी नंदनवनातले पक्षी किलबिलले आणि सगळं शांत झालं.

मी मात्र गंधर्वांपाशीच अडलो होतो. ते गात होते, गात होते, पण एकदाही दम घेत नव्हते. आणि ठरावीक वेळाने त्या सुरात एकच बारीक गचका बसत होता. दर वेळी तोच. हे गंधर्व मला कुठेतरी भेटले होते.

मी भीमराज. मुलुंडला एका कारखान्यात फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचो. माझा देवाधर्माशी संबंध नाही. बापाने आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं, हात जोडायच्या आधी प्रश्न विचारायचा. तरी त्या शेडमध्ये मी गेलो ते प्रेमावहिनीमुळे.

प्रेमा परब आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा सहदेव गिरणीत होता. संपात गिरणी गेली, तेव्हापासून तो एका सोसायटीत वॉचमन होता. त्यांची एकुलती एक मुलगी सुलक्षणा, आमची सुलू, आठ वर्षांची. तिचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. हळूहळू तिला ऐकू येईनासं झालं. शाळेत मागे पडली. बाई म्हणाल्या, मठ्ठ आहे. पोरगी मठ्ठ अजिबात नव्हती. ती ओठांकडे बघून अर्धं बोलणं ओळखायची.

महापालिकेच्या हॉस्पिटलात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, ऑपरेशन करावं लागेल. नोव्हेंबरची तारीख मिळाली होती. तोवर रोज थेंब घालायचे आणि कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि मध्येच हा नाथ उपटला. त्याने थेंब बंद करायला लावले, स्वतः मंतरलेलं लसणाचं तेल दिलं आणि ऑपरेशनला साफ नाही म्हटलं. "शस्त्र लागलं की नाद रुसतो," म्हणे.

त्या रविवारी त्याने सुलूला पुढे बोलावलं. चौरंगावर बसवलं, तिचे तळहात फळीवर टेकवले. "बाळ, कानाने नको. आत्म्याने ऐक! ओंकार!"

गंधर्व पुन्हा सुरू झाले, या वेळी अगदी खालच्या, पोटातल्या सुरात. सुलूचा चेहरा एकदम उजळला. तिने डोळे मोठे केले आणि हसली. सूर थांबला, तिचं हसू थांबलं. सूर आला, हसू आलं. पडदा तिच्या पाठीमागे होता, म्हणजे बघून ती फसवत नव्हती. तिला खरंच कळत होतं.

शेडमध्ये जयजयकार झाला. प्रेमावहिनी चौरंगापाशी कोसळून रडत होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. सगळं ढोंग मला कळत होतं, पण पोरीचं हसू ढोंगी नव्हतं. त्याचा अर्थ मला लागेना.

घरी येऊन मी ऑर्केस्ट्राचा सिंथेसायझर खोक्यातून काढला. जपानी होता, नवा. सगळी गाणी आम्ही त्याच्या पाच-सहा आवाजांवर भागवायचो. उरलेली बटणं विकत घेताना दुकानात एकदा दाबून बघितली होती, तेवढीच. त्या दुपारी मी एकापासून सुरुवात केली. पियानो. ऑर्गन. व्हायोलिन. प्रत्येक आवाज वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत, एक बोट, पाच बोटं. अकरा नंबरला ब्रास, म्हणजे तुताऱ्या. डावीकडची एकच पट्टी दाबून धरली आणि कैलासावरचा शंख माझ्या खोलीत वाजला. बारा, चर्चची घंटा. तेरा, हार्प. चौदा, कोरस. शेकडो गंधर्व 'आऽऽऽ' करून उठले, त्याच गचक्यासकट. पंधरा, पक्षी.

म्हणजे स्वर्गाचा कार्यक्रम बटणांच्या क्रमाने चालला होता! पडद्यामागच्या माणसाला वाजवताही येत नव्हतं. नुसतं एकापुढचं एक बटण दाबायचं आणि एक पट्टी धरून ठेवायची. एवढ्या आळशीपणावर तीनशे माणसं रडत होती. मला राग फसवणुकीचा आला त्याहून जास्त त्या आळशीपणाचा आला. मेल्यांनी निदान रियाज तरी करायचा!

मी पुढचेही दोन नंबर दाबून बघितले. मग कळलं, महाराज पंधरावरच का थांबतो ते.

संध्याकाळी मी सहदेव आणि प्रेमावहिनीला बोलावलं. पाचही आवाज ओळीने ऐकवले. सहदेव भिंतीला टेकून बसला होता. प्रेमावहिनीचा चेहरा दगडासारखा.

"मग?" ती म्हणाली. "तुमच्या मशीनने नक्कल केली. नक्कल खऱ्याचीच करतात ना?"

"वहिनी, तो पडद्यामागे हेच मशीन..."

"पुरे! तुमचा विश्वास नाही ना देवावर, मग तुम्हाला कसं पटेल? माझी पोर हसली ती बघितलीत ना? की तीपण मशीनने हसली?"

"गप रव गे जरा," सहदेव हळूच मालवणीत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण भीमराज, तिचा म्हणणा खरा हा. आमच्या चेडवाक ऐकाक इला, ता कसा?"

सुलू दारात उभी राहून आमची तोंडं बघत होती. ती आत आली आणि सवयीप्रमाणे माझ्या स्पीकरच्या मोठ्या लाकडी खोक्यावर चढून बसली. माझा हात पट्टीवर होता. मी चौदा नंबरचा अगदी खालचा सूर दाबला.

सुलू हसली.

मी बोट उचललं. ती थांबली. पुन्हा दाबलं. तिने दोन्ही तळहात खोक्यावर टेकवले आणि मान डोलावली, तशीच, शेडमधल्यासारखी.

मी तिला उचलून जमिनीवर उभी केली आणि तोच सूर त्याहून मोठा वाजवला. बाजूची नलिनीताई ओरडली, "ए, कान फाटले आमचे!" सुलू मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

प्रेमावहिनीने तोंडावर हात धरला. मग तिने विचारलं, "तारीख कधी होती ऑपरेशनची?"

"अठरा तारीख," सहदेव म्हणाला. "गेली."

तिने पदर खोचला. "येत्या रविवारी चला माझ्याबरोबर. पण बोलणार मी. तुम्ही बोललात तर म्हणतील, हा नास्तिकच आहे."

रविवारी शेड आणखी भरली होती. सुलूची कीर्ती पसरली होती. दोन मुकी मुलं आणि एक अर्धांगाचे आजोबा पुढच्या रांगेत आणून बसवले होते. शंख झाला, घंटा झाली, वीणा झाली, गंधर्व आणि पक्षी झाले. महाराजाने सुलूला हाक मारली. प्रेमावहिनी तिला घेऊन पुढे गेली आणि चौरंग ओलांडून तिला खाली सिमेंटच्या लादीवर बसवलं.

"माई, वर. चौरंगावर," महाराज गोड आवाजात म्हणाला.

"नको, महाराज. आत्म्यानेच ऐकायचंय ना? आत्मा काय फळीत आहे? वाजवा इथेच."

लोक हसले. महाराजाला ओंकाराचा इशारा करावाच लागला. सूर घुमला. सुलू आपल्या फ्रॉकच्या बटणाशी खेळत बसली.

"बघा!" महाराज उसळला. "आईची श्रद्धा ढळली! नाद परतला!"

"माझी श्रद्धा गेली तर माझ्या पोरीचे कान का जातात हो?" प्रेमावहिनीचा आवाज चिरकला. "तुम्ही म्हणालात म्हणून मी औषध बंद केलं. ऑपरेशनची तारीख घालवली. लसणाचं तेल ओतलं मी तिच्या कानात, या हातांनी! रडली ती, तरी ओतलं! आता सांगा, या चौरंगाखाली काय आहे?"

ती वाकून चौरंगाचं कापड ओढू लागली. महाराजाचा एक दांडगा सेवक धावला, पण मध्ये सहदेव उभा राहिला. गिरणीत वीस वर्षं काढलेला माणूस. सेवक जागीच थांबला.

गलका उठला. महाराज घाबरून पडद्याकडे ओरडला, "नाद! नाद वाढवा!"

पडद्यामागच्या माणसाने गडबडीत पंधराच्याही पुढचं बटण दाबलं. सोळा नंबर. आणि स्वर्गातून फडफडफडफड करत एक हेलिकॉप्टर आलं.

सगळ्या शेडने छताकडे बघितलं. महाराजानेही बघितलं, हे मी शपथेवर सांगतो.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "आता सतरा! टेलिफोन येणार!"

आणि पुढच्याच क्षणी ट्रिंग ट्रिंग सुरू झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "महाराज, उचला ना यार, इंद्राचा असेल!"

हसण्याचा असा लोट उठला की पत्रे वाजले. प्रेमावहिनीने त्याच हसण्यात पडद्याला हात घातला आणि खाली खेचला. मागे खुर्चीवर महाराजाचा मेव्हणा खंडू बसला होता, मांडीवर माझ्याकडे होता तसाच सिंथेसायझर, तोंडात पान, बोट अजून सतरावर. तिथून एक जाड वायर थेट चौरंगात गेली होती. सहदेवने चौरंग उलटा केला. आत तोंड वर करून बसवलेला भलामोठा स्पीकर होता.

मी खंडूच्या मांडीवरचा सिंथेसायझर उचलून सगळ्यांपुढे ठेवला आणि एकेक बटण दाबून दाखवलं. शंख. घंटा. वीणा. गंधर्व. शाळेतल्या एका बाईंनी पुढे येऊन स्वतः चौदा नंबर दाबला आणि मान खाली घालून आपल्या जागी गेल्या.

महाराज शेवटपर्यंत बोलतच होता. "यंत्रसुद्धा देवानेच दिलं ना! नाद तर नादच..." आणि सांगायला लाज वाटते, पण जाताना पंधरा-वीस जणांनी त्याच्या पायांना हात लावलाच. त्यांच्या डोळ्यांदेखत खंडू पान चघळत वायर गुंडाळत होता, तरी लावला. अशा माणसांचं काय करायचं हे मला आजतागायत समजलेलं नाही. पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं. महाराज आपलं दुकान घेऊन दुसऱ्या उपनगरात गेला असं ऐकलं.

सोमवारी आम्ही चौघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तेलाचं ऐकून कपाळाला हात लावला. मग मी भीतभीत स्पीकरच्या खोक्याची गोष्ट सांगितली. त्या थांबल्या. सूर जुळवायचा एक लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, टेबलावर आपटून त्यांनी त्याचा दांडा सुलूच्या कानामागच्या हाडावर टेकवला. सुलू हसली.

"ही कवटीच्या हाडातून ऐकते," बाई म्हणाल्या. "कानाचा पडदा फाटलाय, आतली बारीक हाडांची साखळी खराब झालीय. पण आतली नस शाबूत आहे. म्हणून तिला चौरंगावर कळत होतं. नस मेली असती तर ऑपरेशन करून उपयोग नव्हता. तुमच्या महाराजांनी ज्याला चमत्कार म्हटलं, ते ऑपरेशन का करायला हवं याचं कारण होतं."

पुढची तारीख फेब्रुवारीत मिळाली. तोवर डाव्या कानाचं हाड आतून पोखरलं गेलं होतं. कीड काढली, जीवाचा धोका टळला, पण तो कान गेला. उजवा वाचला. पट्टी सुटली त्या दिवशी प्रेमावहिनी तिच्या पाठीमागे उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "सुलू." पोरगी वळली. प्रेमावहिनी तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "डावाही वाचला असता हो, भीमराजभाऊ. मीच घालवला."

तिने घालवला नाही. घालवला तो पडद्याआड बसून पान खाणाऱ्यांनी, आणि पुढे बसून टाळ्या वाजवणाऱ्या तीनशे जणांनी, ज्यांच्यापैकी एकालाही उठून पडद्यामागे बघावंसं वाटलं नाही. त्या पहिल्या रविवारी मीही तिथे बसलो होतो आणि उठलो नव्हतो.

म्हणून एवढंच सांगतो. तुमचं मूल आजारी असेल आणि कुणी म्हणाला, डॉक्टर सोडा, प्रश्न विचारू नका, फक्त विश्वास ठेवा, तर त्याच क्षणी उभे राहा आणि सर्वांदेखत विचारा, हे होतं कसं? दाखवा आम्हाला. जो खरा असेल तो दाखवेल. जो रागावेल, त्याच्या हातात आपलं मूल देऊ नका.