नळी कुणाच्या हाती

नेब्रास्कातल्या त्या गावात मोठ्या आतड्यात दुर्बिणीची नळी घालून बघणारं माणूस एकच, सर्जन रोविना हॅवलिक. दुसरा डॉक्टर गाठायचा तर गाडीने तीन तास. म्हणूनच निवृत्तीनंतर तळ्याकाठी राहायला आलेल्या डॉक्टर वेंडेल स्टॉफरना, शौचावाटे रक्त पडू लागल्यावर, तिच्याच दारात यावं लागलं. रुग्णांच्या यादीत ते नाव वाचून रोविनाला झालेला आनंद चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली शिकत होती. सर्जन म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर अशा पन्नास तपासण्या हव्यात. नळी टोकापर्यंत स्वतः नेली तरच तपासणी तुमची धरायची, असा त्या इस्पितळाचा शिरस्ता. स्टॉफर म्हणजे पोटाच्या विकारांतलं बडं प्रस्थ. सर्जरी शिकणाऱ्या पोरांनी दुर्बिणीला शिवलेलंच त्यांना खपत नसे. पहिल्या वळणावर नळी अडली रे अडली की ते ती हिसकावून घेत आणि नर्सांसमोर म्हणत, "खाटकाने सुरी धरावी, बाई." रोविनाच्या तपासण्या सेहेचाळीसवर अडल्या. परीक्षा वर्षभर लांबली, आणि आई जिथे एकटी आजारी होती त्या गावातली नोकरी दुसऱ्याला मिळाली. आई त्याच हिवाळ्यात गेली. रोविनाने माफ केलं नव्हतं आणि करणारही नव्हती.

स्टॉफरनी भूल नाकारली. गाडी स्वतः चालवत परत जायचं होतं, आणि तोराही होताच. संमतीपत्रावर त्यांनी न वाचता सही ठोकली. जन्मभर इतरांच्या सह्या घेणारा माणूस वाचतो कशाला? नळी शिकाऊ डॉक्टर चालवतील, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही हे रोविनाला दिसत होतं, पण तिने चकार शब्द काढला नाही.

नळी जोलीनने हातात घेतली. सर्जरी शिकणारी, शहरातून दोन महिन्यांसाठी आलेली पोरगी. स्टॉफरनी मान वळवली.

"ही कोण? रोविना, तू घे."

"मी हात लावला तर ही तपासणी तिची धरत नाहीत, सर. नको असेल तर इथेच थांबवू. शहरातली तारीख दोन महिन्यांनी मिळेल."

रक्त पडत होतं. दोन महिने त्यांना परवडणार नव्हते. त्यांनी मान पुन्हा सरळ केली.

पहिल्या वळणावर नळी अडली. जोलीन ती तशीच पुढे रेटू लागली, स्टॉफरच्या कपाळावर घाम फुटला. समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःचंच आतडं दिसत होतं, आणि पोरीचं काय चुकतंय तेही. कळ येऊन त्यांनी पलंगाची कड धरली.

"तिला सांगा ना, सर," रोविना शांतपणे म्हणाली. "तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

स्टॉफर दातओठ खात बोलू लागले. नळी थोडी मागे घे. हवा काढून टाक. मनगट उजवीकडे फिरव. आता ढकलू नकोस, आपोआप सरकेल. आणि खरंच, नळी वळणापलीकडे गेली. जोलीनचा चेहरा उजळला.

रोविना मात्र जागच्या जागी थिजली. चारच वाक्यं होती. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तिचं वर्ष आणि तिची आई या माणसाने अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी खाल्ली होती. बारा वर्षांचा राग कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला.

"बास आता," स्टॉफर कण्हले. "हात जोडतो, रोविना. पुढचं तू कर."

रोविनाने हात पाठीमागे बांधले.

"घाई करू नकोस, जोलीन," ती म्हणाली. "सर शिकवतायत. अजून दोन वळणं आहेत."