गवंड्याचा तंबू

मित्रांनो, मी तंबू आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या एका कोपऱ्याला ठिगळ आहे, दोऱ्या दोन रंगांच्या आहेत आणि कापडावर ओलीचे डाग आहेत. पण माझं खरं म्हातारपण डोळ्यांना दिसत नाही. जी माणसं माझ्यात राहून गेली, त्यांचे आवाज माझ्यातून गेले नाहीत. आजूबाजूला सामसूम झाली की ते मला ऐकू येतात.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घातला, दोन्ही हातांनी मला ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझी कुणाला गरज न पडो रे बाबा." हा आशीर्वाद होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे एका सेवा क्लबने मला विकत घेतलं आणि मी त्यांच्या कोठीत घडी होऊन पडून राहिलो.

मग एके दिवशी दूरच्या एका गावात धरणी हादरली. मला तिथल्या मैदानावर उभं करण्यात आलं. माझ्यात एक गवंडी, त्याची लेक आणि लहानगी नात राहायला आली. गवंड्याने त्या गावातली कितीतरी घरं उभी केली होती. स्वतःचं घरही त्यानेच बांधलं होतं, एकेक वीट हाताने रचून. हादरा बसला तेव्हा तो कामावर होता आणि बायको स्वयंपाकघरात. घर तिच्यावर कोसळलं. "तुमच्या कामात खोट नव्हती हो, शेजारची नवी इमारतसुद्धा पडली," असं लोक त्याला समजावत. तो मान हलवी, पण ते शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नसत. भिंतीतली खोट तपासावी तसा तो माझ्या खांबावर बोटाने टकटक करी आणि कान लावून ऐकत बसे.

अंथरुणं घालताना तो एक जागा मोकळी सोडी. तिथे कुणी साधा तांब्याही ठेवत नसे.

"आबा, तिथं कोण आहे?" नातीने एकदा विचारलं.

"कुणी नाही गं."

"मग मी झोपू?"

लेकीने पोरीला जवळ ओढलं आणि पांघरूण घातलं.

मित्रांनो, माणसं झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या कापडाला आतून लागते आणि पहाटे तिचे थेंब होतात. माझ्यात तिघं झोपत. थेंब मात्र चार ठिकाणी धरत. त्या मोकळ्या जागेवरचं कापडही रोज ओलं होई. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. खोटं बोलून मला काय मिळणार?

पुढे क्लबने गावात नवी घरं बांधून दिली. लेकीलाही एक मिळालं. ती म्हणाली, "अण्णा, पत्र्याचं हलकं छप्पर आहे. चला ना आत."

"छप्पर ते छप्परच," गवंडी म्हणाला.

मला घेऊन जायला माणसं आली तेव्हा त्याने माझी दोरी मुठीत धरून ठेवली होती. लेकीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. माझी घडी झाली, पण मी नीट वाळलोही नव्हतो. त्या कुटुंबाची सगळी ओल पोटात घेऊन मी पुन्हा कोठीत गेलो. माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. उंदरांनी कोपरा कुरतडला, बुरशी चढली. त्या अंधारात माझे खांब माझ्यापासून दूर भिंतीला टेकवलेले होते, तरी मला टकटक ऐकू यायची.

काही वर्षांनी दुसरीकडे नदीला पूर आला. घरं गेलेल्यांच्या निवाऱ्यासाठी पैसे जमवायला क्लबने मेजवानी ठेवली. तंबूत राहणं कसं असतं ते येणाऱ्यांना कळावं म्हणून मला धुऊन, ठिगळ लावून, दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या सभागृहाच्या मधोमध उभं केलं. फरशीत खुंट्या कुठून ठोकणार? माझ्या दोऱ्या वाळूच्या पोत्यांना बांधल्या होत्या. चहूकडे पांढरी मेजपोशं, फुलं, गरम सूप. पाहुणे माझ्यात डोकावत, फोटो काढत. "आत किती छान वाटतंय, नाही?" असं एक बाई म्हणाल्या. मला राग आला नाही. द्यायला आलेली माणसं होती ती. पण का कोण जाणे, त्या एका जागेवर गेलेला माणूस बोलता बोलता गप्प होई आणि लगेच बाहेर पडे.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी गवंड्याच्या लेकीला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. ती माइकसमोर उभी राहिली. तिने आभार मानले आणि मग थांबली.

"माझे वडीलही आलेत," ती म्हणाली. "पण ते बाहेर अंगणात उभे आहेत. घर पडल्यापासून या तंबूखेरीज ते कुठल्याच छपराखाली आलेले नाहीत. थंडीतसुद्धा घराबाहेर झोपतात. तुम्ही आम्हाला घर दिलंत, ते मी विसरणार नाही. पण अण्णा अजून घरी आलेले नाहीत."

सभागृहात चमचे थांबले. डॉक्टर उठले. "मग आपण त्यांच्याकडे जाऊ," एवढंच म्हणाले आणि माझा खांब स्वतःच काढू लागले. त्यांना ते जमेना. मग चौघेपाचजण धावले आणि कोट घातलेल्या त्या माणसांनी मला अंगणात नेलं.

तिथे त्यांनी मला असं काही वाकडंतिकडं उभं केलं की गवंड्याला राहवलं नाही. "अहो, तणाव सारखा नको का?" म्हणत त्याने माझ्या दोऱ्या ओढल्या. त्याचा हात लागताच मी थरथरलो. तो आत येऊन बसला. डॉक्टर ताट घेऊन मागोमाग आले आणि नेमके त्या मोकळ्या जागेवर बसले.

लेक पुढे झाली.

"जरा सरका," गवंडी म्हणाला. "इथं ती असते."

डॉक्टर हसले नाहीत, समजावू लागले नाहीत. सरकले आणि हळूच म्हणाले, "काय म्हणतात त्या?"

गवंड्याने ताट जवळ ओढलं. "म्हणते, जेवून घ्या."

आणि तो जेवला. जेवता जेवता बायकोबद्दल बोलत राहिला. त्याच्या लेकीने आईचं नाव त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं.

क्लबने मला त्याच्याबरोबरच पाठवून दिलं. आता मी लेकीच्या दाराशी उभा आहे. माझी एक कड त्याने दाराच्या चौकटीला बांधली आहे, म्हणजे घरातून निघालं की थेट माझ्यात येता येतं. मध्यंतरी कडाक्याची थंडी पडली, तेव्हा त्याने अंथरूण उंबऱ्यावर आडवं घातलं. डोकं माझ्यात आणि पाय घरात.

"पाय आले," लेक फक्त मलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. "डोकंही येईल."

मित्रांनो, डोक्यावर छप्पर आलं म्हणजे माणूस घरी पोहोचला, असं समजू नका. देऊन झाल्यावर कधीतरी परत जा, दारात उभं राहून हाक मारा. तो अजून बाहेरच बसलेला दिसला, तर त्याला ओढत आत नेऊ नका. थोडं सरकून त्याच्याजवळ बसा.