रुक्सारची नाजूक किडनी

डॉ. बद्रीनाथ तांगडे यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं शहरातल्या क्रांती चौकापासून थेट सिल्लोडपर्यंत मानलं जायचं. चौतीस वर्षं माणूस किडन्याच बघत आला. मंत्री आला तरी रांगेत आणि मजूर आला तरी खुर्चीत, असा खाक्या. आता अडुसष्टाव्या वर्षी मात्र ते इतके थकले होते, की कुणी पाया पडलं तर त्याला वर उठवायचाही त्यांना कंटाळा यायचा. आठ तास झोपले तरी सकाळी अंगात शीण तसाच. तरी पहिल्या पाळीचे डायलिसिसचे पेशंट येण्याआधी ते हजर असायचेच.

एवढ्या खऱ्या माणसाची एक खोटी खोड होती. कुणी आपल्या माणसाला किडनी द्यायला तयार झालं, की डॉक्टर सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढत, दार लावत आणि त्या एकट्याला विचारत, "मनापासून द्यायचीय का? नसेल तर इथंच सांग. बाहेरचं मी बघतो." समोरच्यानं मान खाली घातली, की डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे, याची किडनी चालणार नाही. पुढं कोण विचारतो? देणाऱ्याची लाज राहायची, घरही शाबूत राहायचं. नाही म्हणणारे बहुतेक धडधाकट भाऊच असत. बाया घाबरल्या तरी हो म्हणून मोकळ्या होत. हे खोटं बोलताना डॉक्टरांना कधी पाप वाटलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्या बंद खोलीत सिल्लोडची रुक्सार बसली होती. वय एकोणीस. भाऊ सरफराज डायलिसिसवर, वडील वारलेले, आई जैतुनबीला शुगर. म्हणजे देणारी ही एकटीच. दार लागलं तशी पोरीनं कडी लागली का ते वळून बघितलं. "मला लई भीती वाटती," म्हणाली, "पर अम्मीला सांगू नका." डॉक्टरांनी बाहेर येऊन जैतुनबीला सांगितलं, हिची एक किडनी नाजूक आहे, काढता येणार नाही. चौदा महिन्यांनी सरफराज गेला.

आज दुपारी त्याच मायलेकी पुन्हा समोर बसल्या होत्या. बाहेर फुलंब्रीचा कडुबा नंबर लावून बसला होता, सोबत बायको, घरची माणसं आणि त्याला किडनी देणारी बहीण आशाबाई. दार लावून तुझ्याशी एकटीशी बोलतो, असं तिला सकाळीच सांगितलं होतं, म्हणून डॉक्टरांना ही भेट लवकर उरकायची होती.

"डॉक्टरसाब, हिचे पाच रिश्ते मोडले," जैतुनबी म्हणाली. "कुठंबी बोलणं लावा, लोक म्हणतेत, पोरीची किडनी खराब हाय. खुद्द तांगडे डॉक्टर म्हणलेत. मग म्या काय बोलणार? म्याच सांगितलं व्हतं समद्यांना, सरफराज गेला तवा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ते हे असं. आपला शब्द लोक एवढा जपून ठेवतात, याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

"आता जालन्याचं स्थळ हाय. पोरगा चांगला हाय. त्यांना तुमच्या हातची चिठ्ठी पाहिजे. बरी झाली असं नगं, उद्या परत व्हईल म्हणतेत. पयल्यापासून काईच नव्हतं असं पाहिजे." तिनं पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढला. "सिल्लोडला काढली. तिथला डॉक्टर म्हणला, दोनी किडन्या जन्मापासून चांगल्या हायेत. मग तवा काय व्हतं, डॉक्टरसाब?"

रुक्सार ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. डॉक्टरांना वाटलं, सांगून टाकावं. तुझी लेक घाबरली होती, बाई, मी फक्त तिला झाकलं. एका वाक्यात आपण मोकळे. या वयात दुसऱ्याच्या भीतीचं ओझं कशाला वाहायचं? खरंच, त्यांच्या ओठांवर आलं होतं.

ते रुक्सारला कळलं असावं. तीच म्हणाली, "अम्मी, तवा मी..."

"चूक माझी आहे," डॉक्टर तिला तोडत म्हणाले. "रिपोर्ट बघताना मी चुकलो."

"तुमी चुकला?"

"हो."

"म्हंजी हिची किडनी चालली असती? सरफराजला?"

या खोलीत त्यांनी शेकडो लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. पण हे दोन शब्द सांगण्याआधी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चालली असती," ते म्हणाले.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. किडन्या जन्मतः निर्दोष, पूर्वीचं मत माझ्या चुकीमुळं. सही केली, शिक्का मारला. जैतुनबीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"सात वर्सं नमाजात माझ्या लेकराच्या आदी तुमचं नाव घेतलं म्या," ती आवाज न चढवता म्हणाली आणि उठली.

रुक्सार मागं रेंगाळली. "सर, तवा मी..." ती म्हणाली.

"जा," डॉक्टर म्हणाले. "लग्न कर."

दार उघडंच राहिलं. बाहेर जैतुनबी कडुबापाशी थांबली. त्याच्या मांडीवरची फाईल तिनं पाहिली, शेजारी बसलेल्या आशाबाईकडं पाहिलं.

"भाऊ, दुसरीकडं दाखवून घ्या," ती म्हणाली. "ह्यो डॉक्टर चुकतो. माझं लेकरू गेलं."

रुक्सार आईच्या मागं उभी होती. ती काहीच बोलली नाही.

कडुबानं बायकोकडं पाहिलं, मग फाईल काखेत मारली. त्याची माणसं एकेक करून उठली. डॉक्टर दारापर्यंत आले. थांबा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण आता कोणत्या शब्दावर थांबा म्हणणार? आशाबाई सगळ्यांत शेवटी उठली. जाताना ती दोनदा मागं वळून दाराकडं बघत होती.