भागीच्या कवळीची जागा

“त्या बायका जागा सांगायच्या नाहीत गं. सांगितलीच तर खोटी सांगतील,” शेजारच्या पुष्पलतावहिनी म्हणाल्या होत्या. मी नुसतं “हो का” म्हटलं आणि मुलीला कडेवर घेऊन बाजाराला निघाले. एरवी मी पाणी दोनदा उकळणारी, कारखान्यांकडून वारा आला की खिडक्या लावून घेणारी. पण भाजी कुठे उगवते यात कोण कशाला खोटं बोलेल, असं मला वाटलं.

पालघरच्या कॉलेजातले माझे सावे सर तालुक्यातल्या रानभाज्यांची माहिती जमवत होते. जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी कळवलं होतं, मोठं काही नको, आसपासच्या लोकांकडून एकेक भाजी कळली तरी पुरे. मी लग्न होऊन सालवडला आलेली, बोईसरचा बाजार जवळ. मी होकार दिला.

बाजाराच्या कडेला डोंगरपाड्यावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसत. त्यांतल्याच एकीपुढे, भागीपुढे, कवळीच्या जुड्या होत्या, गवतासारख्या लांब, लुसलुशीत पानांच्या.

“ही कुठे उगवते?”

“रानात.”

“रानात कुठे?”

“चिंधूच्या विहिरीमागं,” भागी म्हणाली.

“नाय गं, ओढ्याच्या पल्याड,” शेजारची तानी म्हणाली, तशी भागीनं तिला कोपर मारलं. ते कोपर मी पाहिलं. तरी रविवारी एस्टी धरून, पुढे मुलीला उचलून चालत विहिरीमागे गेले. तिथे नुसते दगड आणि शेळ्या राखणारा एक म्हातारा.

“कवळी? हितं? बाय, हितं माजी शेळीबी थांबत नाय. कोन बोललं?”

“भागी.”

म्हातारा हसता हसता खाली बसला. “माजी सून ती. मी चिंधू. मलाबी ती हितंच धाडते.”

पुढच्या बाजारी मला पाहताच सगळी रांग पदरात तोंड लपवून हसू लागली. “गेलीस? पोरीला घेऊन गेलीस?” भागीनं विचारलं. मग तिला मुलीच्या पायांवरचे काट्यांचे ओरखडे दिसले. तिचं हसू थांबलं. तिनं एक जुडी उचलून मुलीच्या हातात दिली.

“असाच एक भाऊ आलेला,” ती म्हणाली. “गोड बोलला. मी जागा सांगितली. मंग मानसं गोनी घेऊन आली नि कवळीचे मुळाचे कांदे खनून नेले. मुसळी बोलतात तिला, दवाला लागते. पाला खुडला तर परत येतो गं बाय. कांदाच नेला तर काय येल? आता येकच उतार राहिलाय. तो गेला तर देवाला काय देऊ? देवाला दिल्याबगर आमच्या पाड्यात कोन नवी कवळी तोंडात नाय घालत.”

मी पालघर गाठलं. सर म्हणाले, “जागेशिवाय नोंद अर्धीच.”

“मग अर्धीच घ्या सर. पूर्ण छापलीत तर पुढच्या वर्षी भाजीच नसेल.”

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “काय लिहू मग?”

“तालुका लिहा. आणि सांगणारीचं नाव.”

भागीला सांगितलं तेव्हा तिनं टोपली बाजूला सारली. “माजं नाव छापनार? नि जागा?”

“जागा नाही.”

“मंग माजंबी लिव,” तानी पुढे सरकली. “हिच्यापक्षी जास्त भाज्या मला ठाव हायेत.”

“हिला मीच शिकवल्या,” भागी मला म्हणाली.

बघता बघता रांग बोलू लागली. मग सरच आले, गोणपाटावर मांडी घालून बसले. एकाच पानाला तानी एक नाव सांगे, भागी दुसरं, आणि दोघी एकमेकींचं माहेर काढत. सर दोन्ही नावं लिहीत. मुलीनं कुठलंतरी पान तोंडात घातलं, मी झडप घातली, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, “खाऊ दे तिला.”

पुढच्या पावसाळ्यात, देवाला नवी कवळी द्यायच्या सणाच्या सकाळी भागीनं मला आपण होऊन उतारावर नेलं. पहिली जुडी तिनं देवासाठी पदरात बांधली. पोस्टानं सरांचं छापील पुस्तक आलं तेव्हा तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तानीला दाखवायला नेलं.

आता यांच्या नोकरीपायी आम्ही वापीला आहोत, दुसरं बाळ व्हायचं आहे, त्यामुळे येणं होत नाही. मागच्या खेपेला पाहिलं तर भागीचा उजवा पाय घोट्याशी सुजला होता. खणणारे पुन्हा येतील म्हणून ती रोज उतारावर चढून बसते. तुम्ही कधी बोईसरच्या बाजारात गेलात तर तिला एकदा बघून या. दुखतंय का म्हणून विचारू नका, ती नाय म्हणेल. जुडी घ्या, थोडं रेंगाळा, आणि ती उठताना कशाचा आधार घेते का तेवढं बघून मला कळवा.