डावीकडची सीट

"त्या बाजूनं न्हाई, सर. ती बाईंची बाजू हाय."

लिंबाजी मिस्त्री हे इतक्या सहज बोलले की उजव्या दाराच्या मुठीवर ठेवलेला हात मी मुकाट्याने मागे घेतला. लक्षात आले ते नंतर. ही गाडी सोळा वर्षांपूर्वी मीच या माणसाला विकली होती. ते ज्या बाईंविषयी बोलत होते ती माझी पत्नी सौदामिनी, आणि तिला जाऊन अकरा वर्षे झाली होती. यांपैकी कशानेही त्यांच्या आवाजातला वर्तमानकाळ हलला नव्हता.

कंधारच्या बसस्थानकामागे लिंबाजींचे विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरण्याचे दुकान आहे. पुढे जळालेल्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, धुतलेल्या सुती चादरीखाली, आमची फियाट. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने त्यांनी चादर काढली.

मी आयुष्यभर दगड वाचले. राष्ट्रकूटांचे, यादवांचे, झिजलेले, उलटे बसवलेले, धुणे आपटून गुळगुळीत झालेले. काळ वस्तूंचे काय करतो हे आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. १९८६ सालची ती दुधी रंगाची गाडी २००९ मध्ये माझ्या फाटकातून बाहेर पडताना जेवढी म्हातारी होती, तेवढीही आता दिसत नव्हती. पुढच्या आरशाचा तडा तसाच होता, पण त्याच्या भोवतीचे क्रोम आरशापेक्षा स्वच्छ होते. एखादे देवालय भग्न असेल असे गृहीत धरून जावे आणि आत समई तेवत असावी, तसा मी दारात उभा राहिलो.

"न्यायलाच आलाव का?" लिंबाजींनी विचारले.

"हो."

"न्या की. कागद बाईंच्याच नावानं हाय. आपलं काय बोलणं न्हाई त्याच्यावर."

कागदामुळेच मी आलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी परिवहन कार्यालयाचे पत्र आले, 'श्रीमती सौदामिनी माधवराव' यांना. आपल्या वाहनाच्या नोंदणीची मुदत संपली आहे, नूतनीकरण करावे, अन्यथा वाहन मोडीत काढावे. मृत पत्नीच्या नावाने आलेले पत्र उघडताना माणसाला जे व्हायचे ते मला झाले, आणि मग, मला सांगायला लाज वाटते, आनंद झाला. विक्री कागदावर उतरलेलीच नव्हती. लिंबाजींचे पैसे मी व्याजासह परत केले असते. पुराव्याच्या बळावर मी माझी चूक रद्द करणार होतो. गाडी ओढून न्यायला नांदेडहून टोचनचा ट्रक सांगितला होता, तो बसस्थानकासमोर उभा होता.

खिशात एक किल्लीही होती. सौदामिनी गेल्यावर ती देवघरात, कुंकवाच्या करंड्याखाली सापडली होती. घरातली सगळी कपाटे, पेट्या, कुलपे लावून पाहिली, कशालाच लागेना. इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक अकरा वर्षे एका किल्लीचा अर्थ लावू शकला नाही. पत्र हातात होते तेव्हाच ती फियाटची असल्याचे लक्षात आले. पण विकलेल्या गाडीची किल्ली तिने देवापुढे का ठेवली असावी, हे मात्र कळले नाही.

मी गाडी चालवायला कधीच शिकलो नाही. चालवायची ती. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. उंची चार फूट दहा इंच. स्टिअरिंगवरून रस्ता दिसावा म्हणून बुडाखाली काळ्या रेक्झिनची एक जाड गादी घ्यायची. तेवीस वर्षे तिने मला मराठवाड्यातल्या प्रत्येक शिलालेखापाशी नेले. उमरी, औसा, होट्टल, आणि या कंधारला तर बावीस वेळा. मी किल्ल्यात कोरीव लेखांचे कागदी ठसे घेत असे. ती चार-चार, पाच-पाच तास बाहेर गाडीत बसून वह्या तपासत असे. त्या ठशांवर माझा सहाशे पानांचा ग्रंथ उभा राहिला. त्याच्या प्रस्तावनेत मी ग्रंथपालांचे, टंकलेखकाचे आणि किल्ल्याच्या पहारेकऱ्याचे नावानिशी आभार मानले आहेत. पुढे एक वाक्य आहे: 'प्रवासात वाहनाची सोय करणाऱ्या सर्वांचाही मी ऋणी आहे.' सर्वांचा. अनेकवचन आदरार्थी होते, असा बचाव मला आता करता येईल. विद्वानांना बचाव कमी पडत नाहीत.

विकण्याची कारणे मी तीन मुद्द्यांत मांडली होती. गाडी जुनी झाली. सौदामिनीचे गुडघे गेले. यज्ञेशने, आमच्या मुलाने, लातूरला नवी गाडी घेतली. चौथा मुद्दा मांडला नव्हता. बायको चालवते आणि डॉक्टरेट झालेला नवरा नकाशा मांडीवर घेऊन डावीकडे बसतो, हे दृश्य नांदेडच्या प्राध्यापकवर्गाला फार आवडत असे. "काय माधवराव, आज सारथी रजेवर वाटतं?" हा विनोद मी तेवीस वर्षे ऐकला आणि दर वेळी हसलो. मनात मात्र शब्द नि शब्द जपून ठेवला. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया लातूरला झाली, त्या आठवड्यात मी गाडी विकली. दवाखान्यातून परतल्यावर तिने रिकाम्या फाटकाकडे पाहिले आणि घरात दूध आहे का, एवढेच विचारले. मौन म्हणजे संमती, असे सांगणारे एक संस्कृत वचन आहे. ते पुरुषाने रचले असणार, याला मला पुरावा लागत नाही.

"सही का घेतली नाहीत तेव्हा?" मी विचारले.

"आलतो की सहीला. तुमी लायब्ररीत गेलताव." लिंबाजींनी एक मोटार पालथी घालून माझ्यासाठी बैठक केली. "बाईंनी चहा पाजला. म्हणल्या, 'सही करते, लिंबाजी, पण घाई आहे का?' म्या म्हणलं, न्हाई बा. तर म्हणल्या, 'मग महिन्यातनं एक दिवस मला गाडी द्यायची. भाडं देईन.' आता भाडं कसं घ्यावं? म्या म्हणलं, बाई, आमच्यात बैल विकला तरी दावं विकत न्हाईत. दावं मालकाच्याच घरी ऱ्हातं. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. तवा एक किल्ली तुमच्यापाशी असू द्या. जवा येताव तवा या."

"आणि ती आली?"

"आली म्हंजे? दर म्हैन्याच्या दुसऱ्या शनवारी, सकाळच्या येष्टीनं. गुडघ्याला पट्टा बांधून. पाच वर्सं. एकबी शनवार चुकला न्हाई. शेवटचे चार सोडून."

दुसऱ्या शनिवारी निवृत्त शिक्षिकांची भिशी असे. पाच वर्षे मी हे कसलीही छाननी न करता ग्राह्य धरले. एखाद्या ताम्रपटाने इतकी क्षीण साक्ष दिली असती, तर मी त्याला बनावट ठरवले असते.

"काय करायची इथं येऊन?"

"तळ्याला दोन चकरा मारायच्या. मग किल्ल्याच्या दाराम्होरं गाडी बंद करून बसायच्या. एकडाव म्या इचारलं, बाई, कुणाची वाट बघून राहिलाव? तर हसल्या. म्हणल्या, 'वाट बघत बसायची सवय लागलीय, लिंबाजी. आता कुणी यायचं नाहीये बाहेर, तरी बसते. लई बरं वाटतं.'"

ते 'लई' लिंबाजींनी तिच्या तोंडी घातले की ती खरोखर तसे बोलली, हे मी विचारले नाही. घरात ती 'लई' म्हणत नसे. पण घरात ती काय काय नव्हती, याची यादी त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या डोळ्यांदेखत वाढत होती. माझ्या मनात दुःखापेक्षा वेगळे काहीतरी उभे राहत होते. किल्ल्यातली चौदा फूट उंचीची कोरीव शिळा मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझी मान आपोआप वर गेली होती. तसेच. चार फूट दहा इंच उंचीच्या बाईसाठी.

मी किल्ली काढली. डावीकडून आत शिरलो, वाकून ती लावली आणि फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. उजव्या सीटवर गादी नव्हती.

"गादी कुठे आहे तिची?"

"ती पोरीच्या बसमदी. आता यील पाचाला."

पाचला शाळेची पिवळी बस दुकानासमोर उभी राहिली. चालकाच्या बाजूने एक ठेंगणी, तिशीची बाई उडी मारून उतरली. तिच्या काखेत काळ्या रेक्झिनची गादी होती.

"ही पुनम, आपली थोरली," लिंबाजी म्हणाले. "मला बाईंनी शिकवलं न्हाई बरं का. म्हणल्या, 'तुमचा हात पान्याचा, गेर मोडाल.' हिला शिकवलं. आता पंचेचाळीस पोरी रोज ने-आण करती."

पुनमने मला आपादमस्तक पाहिले. "तुमी बाईंचे सर का?"

इतक्या वर्षांत माझी ओळख कोणी इतकी अचूक करून दिली नव्हती. मी हो म्हणालो.

"न्यायला आलेत ते गाडी," लिंबाजींनी सांगितले.

तिने काखेतली गादी सावरली. मग म्हणाली, "न्या. पर पेट्रोल कमी हाय. चोक दोन बोटं वढायचा, जास्ती न्हाई. चालवताव ना नीट?"

"मला येत नाही."

"म्हंजे? यज्ञेशदादा चालवणार?"

"त्याची त्याला आहे. तो लातूरला असतो."

"मग नेऊन करताव काय?" लिंबाजींनी खरोखरच्या कुतूहलाने विचारले.

गाडी माझ्या फाटकात उभी राहिली असती. मी संध्याकाळी डावीकडे जाऊन बसलो असतो. उजवी बाजू रिकामी राहिली असती, आणि तिला मी स्मृती म्हटले असते.

पुनमने गादी माझ्यापुढे धरली. "ही तरी घ्या मग. तुमच्याच घरची हाय. म्या दुसरी शिवते. पर अशी व्हायची न्हाई. आत पुस्तक हाय, जाडजूड. कापूस बसतो, हे बसत न्हाई. बाई म्हणायच्या, 'बुटकी आहेस म्हणून लाजू नकोस, पुनम. फक्त बुडाखाली काय घ्यायचं ते नीट निवड.'"

रेक्झिनला मागून टिचबटणे होती. मी ती उघडली आणि माझा ग्रंथ बाहेर काढला.

पुनम वाकून पाहू लागली. लिंबाजी ग्रंथाच्या पाठीवरचे नाव अडखळत वाचून खो-खो हसले. "सर, तुमीच की हो हे! आन आमी इतकी वर्सं—" मग त्यांनी जीभ चावली.

ग्रंथाच्या एकूण एक्केचाळीस प्रती खपल्या होत्या. परीक्षणकर्त्यांनी तो 'पायाभूत' ठरवला होता. त्या शब्दाचा नेमका अर्थ लावला तो फक्त एका वाचकाने. मी पाने उलटली. कडा ओलीने फुगल्या होत्या, मधली पाने एकमेकांना चिकटली होती. प्रस्तावना मात्र सुटी होती. 'वाहनाची सोय करणाऱ्या सर्वांचाही' या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ होती, आणि समासात तिचे अक्षर. नकाशात नदी काढून तिला नाव न देणाऱ्या मुलींच्या वह्यांत ती लिहीत असे तेच:

'नाव? अर्धा गुण कापला.'

ही नोंद केव्हाची, ग्रंथ छापून आला तेव्हाची की त्या शनिवारांमधली, हे पेन्सिलीच्या फिकटपणावरून ठरवणे माझ्या विद्येला कदाचित जमले असते. मी ठरवले नाही. अर्धाच गुण कापला होता. इतक्या वर्षांनंतर, इतक्या दगडांनंतर, फक्त अर्धा; उरलेले गुण तिने कशाकशाचे दिले असतील, या विचारापुढे मी बराच वेळ बसून राहिलो. मोटार भरायला आलेले एक गिऱ्हाईक लिंबाजींनी हातानेच परत पाठवले.

मग मी पेन काढले. समासातल्या प्रश्नचिन्हासमोर तिचे नाव लिहिले, माहेरच्या आणि सासरच्या आडनावासह, पूर्ण. पुस्तक रेक्झिनमध्ये सरकवले, बटणे लावली आणि गादी पुनमला परत दिली.

"सर, पुस्तक काढून घ्या ना. तुमचं हाय ते."

"राहू दे. उंची कमी पडेल."

लिंबाजींना म्हटले, "त्या टोचनवाल्याला जायला सांगा. आणि गाडीचा कागद आता पुनमच्या नावाने करू. वारसाच्या सह्या मी आणि यज्ञेश करतो, नूतनीकरणही बघतो."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"दावं इकत न्हाईत, सर. एकडाव सांगितलं की."

मी किल्ली खिशात ठेवली.

"चला, तळ्याला चक्कर मारू," पुनम म्हणाली. "मग येष्टीवर सोडते तुम्हाला."

मी डावीकडून चढलो. तिने उजव्या सीटवर गादी ठेवली, तळहाताने दोनदा थापटली आणि वर बसली. चोक दोन बोटे ओढला. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून तिचे डोळे जेमतेम वर आले, आणि समोरचा रस्ता तिला दिसू लागला.