द्वारकेचा उजवा खांदा

वैशाख. धगधगता, धूलिधूसर, निर्दय वैशाख. कृष्णेचं पात्र काठापासून आटत आत गेलेलं, आकाश ताज्या कल्हईसारखं पांढरंफटक, आणि गावाच्या गच्च्यागच्च्यांवर अंथरलेली जुनी, धुवट लुगडी. वाळवणांचे दिवस आले होते. आज या घरी, उद्या त्या घरी, आळीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन एकमेकींकडे जात होत्या.

आज पाळी द्वारकेच्या गच्चीची. उन्हात पापड, पत्र्याच्या सावलीत बायका, मधोमध काळंकभिन्न उखळ. आणि जिची गच्ची ती द्वारका? ती कठड्याशी स्टुलावर, डाव्या हातात काठी घेऊन. तिला कावळे हाकायला बसवलं होतं.

कावळे हाकायला! जिच्या मुसळाच्या घनगंभीर घावांनी आळीची सकाळ उजाडायची, जिच्या हाताखाली उडदाचं दगडासारखं पीठ लोण्यासारखं मऊ व्हायचं, त्या द्वारकेला! हे काम दात पडलेल्या म्हाताऱ्यांचं, शेंबड्या पोरांचं. "बसा वैनी निवांत, आमी हाय न्हवं," शेजारची निर्मला मायेनं म्हणाली, आणि द्वारकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग. रक्तवर्ण, रात्रंदिन राग. पहाटे तिच्या आधी तिचा खांदा जागा व्हायचा, आणि खांद्याच्याही आधी राग. माघात माळ्यावरचं पितळी पातेलं काढताना ती शिडीवरून पडली होती. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, हात झोळीत बांधला. पुढे झोळी सुटली, पण हात छातीच्या वर जाईना. फडताळातल्या चहाच्या डब्यापर्यंत जाईना. दोरीवर लुगडं टाकायला जाईना. पाठीमागे जाऊन अंबाडा घालायला तर जाईचना. भाकरी एका हातानं थापायची, ती फाटायची. निरांजन डाव्या हातानं ओवाळायचं आणि देवासमोरच दातओठ खायचे.

केस नवरा बांधायचा. हणमंतराव मेथीची जुडी बांधावी तसे ते केस रबरानं आवळायचे आणि स्वतःच्या सेवेवर खूश होऊन शीळ घालत निघून जायचे. त्या बोटांचा स्पर्श झाला की तिला वाटे, कात्री घ्यावी आणि तो सगळा कृष्णकुंतलभार कापून यांच्या ताटात वाढावा.

खांदा दुखत होता तो पडल्यामुळे. राग होता तो खोट्यामुळे.

त्या दिवशी शिडी हणमंतरावांनी धरली होती. पलीकडच्या खोलीत टीव्हीवर मॅचची शेवटची ओव्हर चालली होती. तिकडे गलका झाला आणि हे शिडी सोडून धावले. माणूस चुकतो, तेवढं तिनं गिळलंही असतं. पण दवाखान्यात, पाहुण्यांत, पारावर हे सांगत सुटले, "घाई नडली हो तिची!" आणि ती गप्प राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याची अब्रू तिनं झाकली, आणि ते झाकणं हाडापेक्षा जास्त ठणकत होतं. एकदा, फक्त एकदा, यांनी खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

ऊन चढलं. हणमंतराव वर आले. पापडांच्या दिवशी पुरुष गच्चीवर फिरकतो तो तेलात बुडवलेली लाटी खाण्यापुरता. त्यांनीही एक उचलून तोंडात टाकली.

"वैनींचा हात असता तर पीठ कवाच झालं असतं," मुसळ टेकवत निर्मला म्हणाली.

"काय करता!" भरल्या तोंडानं हणमंतराव हसले. "घाई नडली हो तिची. मी म्हनत हुतो, दमानं चढ, दमानं चढ."

काठी कठड्यावर आदळली. कावळे उडाले.

"शिडी कुनी सोडली," द्वारका म्हणाली, "ते बी सांगा की."

लाटणी थांबली.

"अगं, असं चारचौघांत..."

"चारचौघांतच. तुमी बी चारचौघांतच सांगत आलाय न्हवं?"

हणमंतरावांनी एकेका बाईकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, कुणी नजर वळवली नाही. तोंडातली लाटी त्यांनी गालात सरकवली.

"मी सोडली," ते पुटपुटले. आणि कुणी न विचारताच, "शेवटची ओव्हर हुती."

शेवटची ओव्हर! एका बाईचा सबंध उजवा हात, आणि त्याचं कारण एवढंसं.

आळीतली सगळ्यांत वडीलधारी ठकूआक्का जागची हलली नाही. तिनं मुसळ तेवढं त्यांच्याकडे लोटलं. "धर. पीठ वाळाय लागलंय."

त्यांनी धरलं. पण पापडाचं पीठ एकट्यानं कुटायचं नसतं. मुसळ वर गेलं की खालचा गोळा उलटायला दुसरा हात लागतो, कुटणाऱ्याच्या भरवशावर उखळात घातलेला. सगळे डोळे द्वारकेकडे वळले. तिचा डावा हात तर धडधाकट होता.

"घाला वैनी हात," निर्मला हळूच म्हणाली. "बोलले की त्ये. झालं गेलं गंगेला मिळालं."

द्वारका उठली. उखळापाशी आली. वाकली मात्र नाही.

"एक हात यांच्या भरवशावर गेला," ती म्हणाली. "दुसरा न्हाई देनार."

मग त्या ज्वलंत, निर्वात, निःशब्द मध्यान्ही हणमंतराव एकटेच कुटत राहिले. एक घाव. थांबणं, वाकणं, गोळा उलटणं, कण्हत ताठ होणं. पुन्हा एक घाव. त्यांचा सदरा पाठीला चिकटला, दंड थरथरू लागले, मुसळ दर वेळी थोडं कमी उंच जाऊ लागलं. द्वारका समोर उभी राहून बघत होती, आणि पुरे असं तिनं म्हटलं नाही.