मागची पानं

वायरकाकांचा एक जुना खाक्या होता. काम झालं की गिऱ्हाइकाला नुसतं सांगायचं नाही, डोळ्यांदेखत दाखवायचं. बावीस वर्षं जुनाट कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यांना माणसांचा स्वभाव पाठ झाला होता. दाखवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी फोन करून डोकं खातात. या खाक्यापायी त्या दुपारी एका बाईचा जीव टांगणीला लागला, आणि तो दोष काकांनी कधी दुसऱ्या कुणावर ढकलला नाही.

फोन नवऱ्यानं केला होता. नेट चालत नाही, मॅच दिसत नाही, ताबडतोब या. दार बायकोनं उघडलं. तिच्या डोळ्याखाली हिरवट डाग, दोन बोटं पट्टीनं एकमेकांना बांधलेली. काकांनी पाहिलं आणि मूग गिळून आतल्या खोलीत गेले. आपण वायरी बघायला आलोय, कुणाचा संसार नाही, असं ते मनाशी म्हणाले. बऱ्याच घरांत ते हेच म्हणत आले होते.

वायर नीट बसलेली, मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. राउटर बंद करून चालू केला. जोडणी सगळी ठाकठीक, पण एक पान उघडेल तर शपथ! मग कोपऱ्यातली तारीख दिसली आणि घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. मशीन चौदा वर्षं मागं गेलं होतं. आतला बटणाएवढा सेल मेला की वीज जाताच त्याचं घड्याळ पार पहिल्या तारखेवर जातं, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित पानं उघडायचं नाव घेत नाहीत. काकांनी पत्र्याचं झाकण काढून सेल बदलला, तारीख लावली. बायको दारात उभी राहून सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तीनला दहा कमी होते.

पडद्यावर चौकट आली. मशीन अचानक बंद पडलं होतं, मागची पानं पुन्हा उघडायची का? काकांनी हो म्हटलं, नेहमीच म्हणत. दोन पानं उघडली. पहिल्यावर बायकोला आलेलं पत्र होतं. परगावच्या एका वसतिगृहात नोकरी, राहायला खोली, मुलाखत आज तीन वाजता कॅमेऱ्यावरून. दुसऱ्यावर दोन तिकिटं, एक पूर्ण आणि एक अर्धं. काकांनी त्यातलं अक्षरही वाचलं नाही. पानं उघडली यातच ते खूश. बायको दारातून जोरजोरात नकाराची मान हलवत होती. बाईला आपल्या कामाचा भरवसा वाटत नाही, असं समजून काकांना रागच आला.

"साहेब, या, बघा, चालू झालं," त्यांनी हाक मारली.

नवरा आला. ओठ हलवत त्यानं दोन्ही पानं सावकाश वाचली. मग कीबोर्ड उचलला आणि बायकोच्या तोंडावर हाणला. बटणं फरशीभर उडाली, त्यांत तिचा एक दातही होता. केसांना धरून त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा.

"अर्धं तिकीट कुणाचं गं?" तो दर वेळी विचारत होता. "माझ्या पोरीचं?"

पोर शाळेत होती, तेवढं बरं. काकांनी पोलिसांना लावायला फोन काढला. नवऱ्यानं खुर्ची घालून त्यांचा हात खाली आणला आणि फोन टाचेखाली चुरडला. मग खुर्ची बरगड्यांवर बसली. काकांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, पण हाताला ते पत्र्याचं झाकण लागलं आणि त्यांनी त्याची धार नवऱ्याच्या कानावर घातली. तो धडपडत खोलीबाहेर गेला. बाईनं दार लोटलं, कडी घातली.

"काका, दार धरा," ती म्हणाली. "मला वीस मिनिटं पुरे आहेत."

तीन वाजले होते. तिनं बाहीनं तोंड पुसलं, डोळ्याखालच्या डागावर केस ओढले आणि माउसनं पत्रातलं मुलाखतीचं बटण दाबलं. समोर चष्मा घातलेल्या एक बाई आल्या. इकडं काका दाराला पाठ लावून उभे. प्रत्येक लाथ त्यांच्या मोडक्या बरगडीत शिरत होती आणि ते दात-ओठ खाऊन ती सोसत होते. ही सगळी आपली करणी, हे त्यांना कळून चुकलं होतं.

समोरच्या बाईंनी आवाज कसला म्हणून विचारलं. दुरुस्तीचं काम चालू आहे, असं ती शांतपणे म्हणाली. वसतिगृहातल्या मुली आजारी पडल्या तर काय कराल, रात्री एकटीनं सांभाळाल का, असे प्रश्न आले. ती ओठ मिटून रक्त गिळायची आणि उत्तर द्यायची. समोरच्या बाई हसल्या. कधीपासून येऊ शकाल, असं त्यांनी विचारलं.

लाथा थांबल्या. पावलं पॅसेजकडं गेली. येताना तिकडं विजेचा बोर्ड पाहिल्याचं काकांना आठवलं. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं तोवर नवऱ्यानं मेन स्विच खाली ओढला होता. पडदा काळा झाला, पंखा थांबत गेला.

"आजच," ती काळ्या पडद्याला म्हणाली.

मग ती उठली, काकांच्या पिशवीत हात घातला आणि सगळ्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. बाहेर पावलं परत येत होती, शीळ घालत.

"काका, कडी काढा."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. नको म्हणायला ते मोकळे होते. त्यांनी कडी काढली आणि बाजूला झाले.